माझ्या जठराचे विद्युतोपचार

सोमवार, ४ मार्च

आजपासून रोजनिशी. पोटाचे डॉक्टर म्हणाले, रोज काय खाल्लं आणि कधी दुखलं ते लिहून ठेवत जा. ते मी लिहिणार नाही. रोजनिशीत माणसाने विचार लिहावेत, भाजी नव्हे. विचार माझ्याकडे भरपूर आहेत. डॉक्टरांकडे नाहीत, हे मला पहिल्याच भेटीत त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघून कळलं होतं. फेब्रुवारीचं पान अजून तसंच.

निदान: जठराला जुनी सूज. जुनी म्हणजे किती जुनी, असं विचारलं तर म्हणाले, ते तुम्हीच सांगा. डॉक्टर कोण, मी की ते? मग विचारलं, आयुष्यात काही ताण? मी स्पष्ट सांगितलं, मला ताण नसतो, माझ्यामुळे इतरांना असतो. त्यांनी ते लिहून घेतलं. चांगलं वाक्य होतं, कुणीही लिहून घेईल.

गोळ्यांनी पुरेसा फरक नाही, म्हणून आता जोडीला फिजिओथेरपी. मी समजत होतो फिजिओथेरपी गुडघेवाल्यांची असते. पण पोटालाही देतात म्हणे. औषधात भिजवलेलं कापड पोटावर ठेवून त्यातून विजेचा हलका प्रवाह, नंतर चुंबक, आणि शेवटी कोमट चिखलाचा लेप. दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर, क्लिनिकच्या तळमजल्यावर.

संकल्प: कॉफी बंद. तळलेलं बंद. डोकेदुखीच्या गोळ्या बंद. (त्यांनी जठर सोलवटतं म्हणे. मी सकाळ-संध्याकाळ घेतो आणि मला कधी सोलवटल्यासारखं वाटलेलं नाही.) उद्यापासून कडक.

४ मार्च, संध्याकाळ

कॉफी घेतली. उद्यापासून म्हणजे उद्यापासून.

मंगळवार, ५ मार्च

पहिला दिवस. तळमजल्यावर एक लांब खोली, तिच्यात पडदे लावून केलेले तीन कप्पे. प्रत्येकात एक रेक्झिनचा पलंग, एक यंत्र, एक खुंटी. मला मधला कप्पा. पडदे कधीकाळी हिरवे असावेत.

उपचार करणारी बाई पस्तिशीची. हात कोपरापर्यंत करडे, चिखलाचे. तिला मी मनात चिखलवाली असं नाव दिलं. शेक देण्याआधी ती दर वेळी तेच प्रश्न विचारणार म्हणे: उलटी झाली का, चक्कर आली का, शौचाला काळं होतंय का, वेदनेच्या गोळ्या घेता का. खणखणीत आवाजात विचारते. मधे फक्त पडदे. असल्या प्रश्नांना सुसंस्कृत माणूस एकच उत्तर देतो: नाही.

वीज लावली. पोटावर मुंग्या चालल्यासारखं वाटतं. चिखलवाली म्हणाली, जास्त टोचलं तर सांगा. मी म्हटलं, वाढवा. ती म्हणाली, वाढवायचं नसतं. हिला महत्त्वाकांक्षा अजिबात नाही.

घरी येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर तळलेले बटाटे खाल्ले. विचार असा: उपचार चालू आहेत म्हटल्यावर पोटाला थोडं काम दिलंच पाहिजे, नाहीतर उपचार कशावर होणार?

शुक्रवार, ८ मार्च

ऑफिसबद्दल लिहायचं राहिलं. आमची कंपनी लिफ्ट बनवते. मी तक्रार विभागाचा उपप्रमुख. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर आली की पहिलं काम करतात ते आम्हाला लिहायचं. पंधरा मिनिटं चार भिंतींत स्वतःच्या सोबतीने काढता येत नाहीत, हा दोष लिफ्टचा नाही. मी सर्वांना एकच उत्तर पाठवतो: आपण वजनाची मर्यादा पाळली होती का? निम्मे लोक पुन्हा लिहीत नाहीत. याला म्हणतात तक्रार निवारण.

प्रमुख एप्रिलअखेर निवृत्त होतायत. त्यांच्यानंतर मी, यात चर्चेला जागाच नाही. विभागात दुसरं आहे कोण? एक ती मधाची बाटली. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तक्रारदारांना फोन करते आणि विचारते, आता बरं वाटतंय ना, मुलं घाबरली नाहीत ना. काल एका म्हाताऱ्याशी फोनवर अर्धा तास बोलत होती. शेवटी म्हाताऱ्यानेच तिची माफी मागितली. असल्या लोकांनी विभागाची जरब घालवली.

प्रमुखाच्या खोलीतली खुर्ची दुपारी बसून पाहिली. पाठ थोडी मागे जाते. बदलून घ्यावी लागेल.

मंगळवार, १२ मार्च

मोठी बातमी. माझ्या डावीकडच्या कप्प्यात कोण येतं ते कळलं.

पडद्याच्या खालून बूट दिसतात. काळे, आरशासारखे पॉलिश केलेले. शेजारी चांदीच्या मुठीची काठी. चिखलवाली त्यांच्याशी बोलताना आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून बोलते, आणि साहेब म्हणते. मला साहेब म्हणत नाही. आमच्या कंपनीच्या अध्यक्षांचे थोरले बंधू पोटाच्या दुखण्याने बेजार आहेत हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे. दोन आणि दोन मला मिळवता येतात.

घाई केली नाही. नुसतंच छताकडे बघून मोठ्याने म्हटलं, हल्ली कंपन्यांमध्ये कर्तबगार माणसांची कदर राहिली नाही. पलीकडून थोड्या वेळाने आवाज आला: हं.

एवढंच. पण त्या एका 'हं'मध्ये केवढा अनुभव होता.

शुक्रवार, १५ मार्च

पोट दुखतंय. पण वेगळ्या प्रकारे, म्हणजे सुधारणा आहे.

जठराचं पातळ औषध फार लवकर संपतं. आठवड्यापूर्वी आणलेली बाटली आज तळाला गेली. बायकोला म्हटलं, दुकानदार कमी भरलेल्या बाटल्या देतो, उद्या जाऊन त्याला सुनाव. तिने बाटली धुऊन पालथी घातली. ती फारशी बोलत नाही. साधी बाई आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, माझ्या पोटाची एवढी वाताहत झाली आणि तिला साधी करपट ढेकर नाही. ज्यांच्या डोक्यावर जबाबदारी नसते त्यांची पोटं शाबूत राहतात.

तिने आज बिनतिखटाची, बिनतेलाची, बिनचवीची भाजी दिली. बशी पुढे सारली आणि म्हटलं, हे आजाऱ्याचं जेवण आहे. ती म्हणाली, तुम्ही आजारीच आहात. मी म्हटलं, मी उपचार घेतोय, आजारी असणं वेगळं. मग तिने तीच भाजी स्वतः खाल्ली. आवडीने खाल्ली. चव नावाची गोष्टच तिला ठाऊक नाही.

मंगळवार, १९ मार्च

आज अध्यक्षांच्या बंधूंशी प्रदीर्घ चर्चा. मी मधाच्या बाटलीबद्दल सविस्तर सांगितलं. नावं घेतली नाहीत, पण शहाण्याला कळावं इतपत खुणा दिल्या. तक्रार विभाग कणखर हातात का असावा, यावर माझे सहा मुद्दे होते. पाचव्या मुद्द्याला ते दोनदा 'हं हं' म्हणाले. सहाव्याला हसले. नेमक्या जागी हसणारा माणूस विरळा.

नंतर चिखलवाली पडदा सारून आली आणि म्हणाली, उपचाराच्या वेळी शांत पडून श्वास पोटात घ्यायचा असतो, बोलायचं नसतं, तुम्ही बोललात की पोटाचे स्नायू ताठतात आणि पट्टी सरकते. मी म्हटलं, काही माणसांचे स्नायू ताठच असतात. ती पट्टी सारखी करून निघून गेली.

शुक्रवार, २२ मार्च

लेकीचा फोन. ती दुसऱ्या गावी नोकरी करते, आठवड्यातून एकदा फोन करते आणि पाच मिनिटांत आईला द्यायला सांगते. आज म्हणाली, बाबा, आईच्या तब्येतीकडे लक्ष दे. मी म्हटलं, तब्येत माझी बिघडलीय, तुझा काहीतरी गोंधळ होतोय. मग म्हणाली, आईला दे. दोघी आतल्या खोलीत दार लोटून बोलत होत्या. बायकांच्या बोलण्यात माझ्या आजाराची केवढी काळजी असते, ती मला दिसू नये म्हणून दार लोटतात.

मंगळवार, २६ मार्च

डोकं फार दुखलं. गोळी घेतली. अजून एक घेतली. चिखलवालीने विचारलं, गोळ्या घेता? नाही म्हटलं. डोक्याच्या गोळ्या या डोक्याच्या आहेत. हिचं खातं पोटाचं. खात्याबाहेरच्या प्रश्नाला उत्तर द्यायला मी बांधील नाही. ऑफिसातही माझी हीच पद्धत आहे.

चिखलाचा लेप मात्र बरा असतो. कोमट, जड, पोटावर मांजर बसल्यासारखा. आज डोळा लागला. जागा झालो तेव्हा बाहेर चिखलवाली कुणाला तरी सांगत होती की त्या मधल्या कप्प्यातल्यांचं कठीण आहे. म्हणजे माझी केस साधीसुधी नाही हे तिच्याही लक्षात आलंय.

सोमवार, १ एप्रिल

शौचाला काळं होतंय. कॉफी काळी घेतो, त्यामुळे असणार. उगाच गाजावाजा नको.

मंगळवार, २ एप्रिल

आजचा उपचार चुकवला. प्रमुखांनी सगळ्या विभागाला ऑफिस सुटल्यावर खोलीत बोलावलं होतं. म्हणाले, नव्या प्रमुखाचं नाव पुढच्या आठवड्यात जाहीर होईल, पण निर्णय झालाय. बोलताना त्यांनी माझ्याकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. गुपित चेहऱ्यावर दिसू नये म्हणून.

जिना चढताना दम लागला, मधे थांबावं लागलं. आमच्याच इमारतीतली लिफ्ट बंद. वर जाऊन संबंधितांना विचारलं, वजनाची मर्यादा कुणी मोडली?

शुक्रवार, ५ एप्रिल, सकाळ

चक्कर येतेय. चेहरा पांढरा दिसतोय म्हणे. बायको म्हणाली, आज ऑफिसला जाऊ नका, डॉक्टरांकडे जाऊ. मी म्हटलं, संध्याकाळी क्लिनिकमध्येच जातोय की. ती म्हणाली, तिथे त्या ताईंना सगळं खरं सांगा. मी विचारलं, कोणत्या ताई? ती गडबडली आणि म्हणाली, असतील ना कुणीतरी.

आज चुंबक जास्त वेळ लावून घ्यायचं. वाढवायला सांगणार, या वेळी ऐकणार नाही.

शनिवार, ६ एप्रिल. हॉस्पिटल.

हाताला सुई असल्याने अक्षर वाईट. झालं ते नीट क्रमाने लिहून ठेवतो, कारण इतर लोक ते विपर्यस्त करून सांगतील.

काल पलंगावर पडलो. डावीकडे बूट आणि काठी जागच्या जागी होते. उजवीकडच्या कप्प्यातही कुणीतरी होतं, पण तिकडे लक्ष देण्याचं कारण नव्हतं. वीज लागली. डोळ्यांपुढे अंधारी येत होती, म्हणून बोलायला सुरुवात केली. बोलताना मला बरं वाटतं.

आधी पदाबद्दल बोललो. मग संसारावर आलो. मी बंधूंना सांगितलं की माझ्यासारख्या माणसाच्या घरात दुसरं माणूस असतं ते नावाला. बायको साधी आहे, तिच्याकडून अपेक्षा काही नाही, स्वयंपाक करते, तोही आता आजाऱ्याचा. बंधू म्हणाले, हं. त्या अंधारीत मी असंही म्हणालो की गेले काही दिवस मला भीती वाटते. पोटात काहीतरी वाईट वाढत असेल अशी. ऑफिसात जाताना रस्त्यात थांबावंसं वाटतं आणि कुणाचा तरी हात धरावासा वाटतो, पण असा कुणाचा हात धरणार. हे मी का बोललो माहीत नाही. त्यांना स्वतःच्या दुखण्याबद्दल बोलायला धीर यावा म्हणून असणार.

तेवढ्यात चिखलवाली चिखलाचं गरम पातेलं घेऊन आली आणि तिने नेहमीचे प्रश्न विचारले. उलटी? नाही. चक्कर? नाही. गोळ्या? नाही. शौचाला काळं? नाही.

उजवीकडच्या पडद्यामागून बाईचा आवाज आला.

"ताई, ते खोटं बोलतायत. सोमवारपासून काळं होतंय, संडास मीच धुते. गोळ्यांची पाकिटं मी कचऱ्यात बघते रोज. तो चिखल ठेवू नका त्यांच्या पोटावर."

आवाज ओळखीचा होता. पण कुठे ऐकलाय ते पटकन आठवेना. मग आठवलं. घरी.

पडदा बाजूला झाला. बायको. पोटावर माझ्यासारखीच पट्टी, तिला वायर, केस विस्कटलेले. मी विचारलं, तू इथे काय करतेस. ती म्हणाली, तेच जे तुम्ही करताय. मी उठून बसायला गेलो, खडसावायला. तिथून पुढचं मला आठवत नाही.

चिखलवालीने पातेलं खाली आपटलं म्हणे, आणि चिखल सगळ्या फरशीवर झाला. हे मात्र मी लक्षात ठेवणार आहे. सरकारी असो की खाजगी, सामानाची नासाडी ती नासाडीच.

सोमवार, ८ एप्रिल

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या. घशातून नळी घालून आत पाहिलं. जठरात जखम, त्यातून रक्त जात होतं. ती आतूनच बंद केली. पोटाचे डॉक्टर येऊन म्हणाले, रक्त वाहत असताना पोटाला गरम शेक म्हणजे काय, ते कळतं का तुम्हाला? तो लेप बसला असता तर तुम्ही आज माझ्याशी वाद घालत नसता. मी म्हटलं, मी वाद घालत नाहीये. ते म्हणाले, अजून सुरुवात केली नाहीत एवढंच. मग म्हणाले, बायकोचे आभार माना.

मानीन. योग्य वेळ बघून.

मंगळवार, ९ एप्रिल

बायको पलंगाशेजारी स्टुलावर बसून असते. आज तिच्याकडून खुलासा मागितला. सहा वर्षांपासून तिला तोच आजार. माझ्याहून दोन वर्षं जुना. गेल्या हिवाळ्यापासून ती त्याच तळमजल्यावर जाते, सकाळच्या वेळेला, मी ऑफिसात असताना. शुक्रवारी सकाळी यंत्र बिघडलं म्हणून तिला संध्याकाळी बोलावलं होतं. ते पातळ औषधही मुळात तिचं. मी माझं समजून पीत होतो. म्हणजे दुकानदार निर्दोष आहे.

मी विचारलं, मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगितलं होतं, तीनदा. तुम्ही म्हणालात, जबाबदारी नसलेल्यांना पोटं नसतात. मला हे आठवत नाही, पण वाक्य माझ्या शैलीतलं आहे.

विषय बदलावा म्हणून म्हटलं, क्लिनिकमध्ये जाशील तेव्हा अध्यक्षांच्या बंधूंना माझा नमस्कार सांग, माझ्या गैरहजेरीत ते माझ्या नावाचा विसर पडू देणार नाहीत. तिने विचारलं, कोण बंधू? डावीकडच्या कप्प्यातले? ताई सांगत होत्या, ते आजोबा नाटकमंडळीच्या वाद्यवृंदात मोठा ढोल वाजवायचे. चाळीस वर्षं. दोन्ही कानांनी ठार बहिरे आहेत. कानातलं यंत्र विजेच्या यंत्राजवळ शिट्टी मारतं, म्हणून ते काढून खिशात ठेवतात. बूट तेवढे सवयीने पॉलिश करतात.

मी म्हटलं, पण ते हसले होते. ती म्हणाली, त्यांना चुंबकाने गुदगुल्या होतात.

तिने माझी चादर सारखी केली. मग ती म्हणाली, तुम्ही तिथे छान बोलता. भीती वाटते, हात धरावासा वाटतो. घरी हे कधी नाही बोललात. मी म्हटलं, ते मी ढोलवाल्याशी बोलत होतो. ती म्हणाली, हो ना. आणि उठून पाणी आणायला गेली. पाण्याचा तांब्या भरलेला होता.

गुरुवार, ११ एप्रिल

मधाची बाटली भेटायला आली. फुलं घेऊन. शरणागती पत्करायला आलीय असं वाटून मी उदारपणे स्टूल दाखवलं. ती म्हणाली, सर, आज नाव जाहीर झालं, माझं नाव आहे, तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून स्वतः आले. नंतर म्हणाली, तुम्ही बरे होऊन या, घाई करू नका. मग तिने बायकोला विचारलं, तुम्ही जेवलात का. दोघी कॅन्टीनमध्ये गेल्या आणि तासाभराने हसत परत आल्या.

कंपनी बुडणार. पाच वर्षं देतो. फार तर सहा.

सोमवार, १५ एप्रिल. घर.

सोडलं. पथ्य: मऊ, उकडलेलं, थोडं थोडं. कॉफी नाही, गोळ्या नाहीत. सहा आठवड्यांनी पुन्हा फिजिओथेरपी, पहिल्यापासून. आणि रोज काय खाल्लं ते लिहायचं. ते मी तेव्हाही करणार नव्हतो, आता तर मुळीच नाही.

आज: टोस्ट, दूध, उकडलेलं गाजर. दुखलं नाही. हे लिहून ठेवतोय ते माझ्या मर्जीने.

गुरुवार, १८ एप्रिल

बायको डॉक्टरांकडे तिच्या तपासणीला गेली होती. परत आल्यावर सरळ सांगितलं. मी हॉस्पिटलमध्ये होतो तेव्हाचे सगळे दिवस तिचं पोट एकदाही दुखलं नाही. स्टुलावर बसून, कॅन्टीनमधलं खाऊन. मी घरी आलो त्या संध्याकाळी पुन्हा सुरू झालं. तिने हे डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मी म्हटलं, योगायोग. ती म्हणाली, असेल, म्हणून पडताळून बघायचंय. थोरल्या बहिणीकडे जातेय, काही दिवस. तिथल्या क्लिनिकमध्येही हेच उपचार मिळतात, चौकशी केलीय. मी म्हटलं, आणि माझं पथ्य? ती म्हणाली, उकडायचं असतं, त्यात काय.

रागावली असती तर समजूत घालता आली असती. ती अगदी शांतपणे बॅग भरत होती. लेकीला फोन केला. लेक म्हणाली, बाबा, तू तिला अडवू नकोस हं. मी अडवत नव्हतोच. मी फक्त दारात उभा होतो.

शनिवार, २० एप्रिल

बायको गेली. स्टेशनवर सोडायला येतो म्हटलं, नको म्हणाली, तुम्हाला दम लागेल. निघताना माझा हात धरला. जरा वेळ धरून ठेवला, मग सोडला आणि म्हणाली, वेळेवर खा. मी तिचे आभार मानणार होतो, तेवढ्यात रिक्षा आली. रिक्षावाल्यांना कधी यायचं ते कळत नाही.

हे अगदी उत्तम झालं. शांतता आहे. संकल्प: आठवड्यात सबंध स्वयंपाक शिकून घ्यायचा. अशिक्षित माणसंही करतात, म्हणजे अवघड नसणार. महिनाभरात ती परत येईल. बहिणीकडे तिला कोण विचारणार?

मंगळवार, २३ एप्रिल

टोस्ट. टोस्ट. टोस्ट.

शुक्रवार, २६ एप्रिल

अर्धा दिवस ऑफिसला गेलो. प्रमुख उरलेली रजा घेऊन आधीच घरी बसलेत. मधाच्या बाटलीने प्रमुखाच्या खोलीतली खुर्ची माझ्या टेबलाशी आणून ठेवली आहे. पाठीला आराम पडेल म्हणाली. पाठ मागे जाते, हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

रविवार, २८ एप्रिल, दुपार

टोस्ट संपले. बटाटा उकडायला ठेवला. बटाटा किती वेळ उकडायचा ही माहिती मी आयुष्यात कधी जवळ बाळगली नाही. बायकोला फोन केला. तिचं काही अडलंय का, ते विचारायला. बोलण्याच्या ओघात बटाट्याचा विषय काढला. ती म्हणाली, सुरी टोचून बघा, अलगद आत गेली की झाला.

मागून तिच्या बहिणीचा हसण्याचा आवाज येत होता. बायकोही हसत होती. कशाला हसताय विचारलं तर म्हणाली, काही नाही, असंच. तिला असंच हसताना मी ऐकल्याचं आठवत नाही. लक्ष ठेवलं नसेल.

पोट कसं आहे, असं मी विचारलं. म्हणाली, दुखलं नाही अजून. मी म्हटलं, छान. मग विचारलं, कधी येणार. म्हणाली, बघू. मी म्हटलं, बघ, घाई नाही, इथे माझं उत्तम चाललंय. ती म्हणाली, बरं झालं.

फोन ठेवून सुरी टोचली. गेली नाही. हल्ली बटाटेही हलक्या प्रतीचे येतात. थोडं थांबून पुन्हा टोचली. गेली नाही. मग पाण्यात बोट घातलं. पाणी गार होतं. गॅस पेटवायचा राहिला होता.

पुन्हा फोन केला. गॅसचं सांगायला नव्हे, सहज. तिने उचलला नाही. बहिणीबरोबर बाहेर पडली असेल. डॉक्टरांनी तिला चालायला सांगितलंय.